वाट विचारावी, चालावे आपण

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर भागात, कणकवली तालुक्यात, तळेरे नावाचे गाव आहे. मुंबई-गोवा महामार्गाला येथे पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता मिळतो. पश्चिमेला गेले की विजयदुर्गचा समुद्र. पूर्वेला गेले की वैभववाडी, करूळचा घाट, गगनबावडा आणि पुढे कोल्हापूर. साहजिकच नाक्यावर उतरणाऱ्या परक्या माणसाचा पहिला उद्योग म्हणजे वाट विचारणे. कोणी दुकानदाराला विचारतो, कोणी एस. टी.ची वाट पाहत असलेल्या म्हातारबाबांना विचारतो. विचारणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही, आणि सांगणाराही आपण मोठे उपकार केले असे मानत नाही. हात वर होतो, दिशा दाखविली जाते, आणि दोघे आपापल्या कामाला लागतात.

वाट विचारताना न लाजणारा हाच माणूस इतर बाबतींत मात्र फार चमत्कारिक वागतो. घरात आजारपण आले, मुलाचे गणित अडले, कर्जाचा हप्ता थकला, की शेजाऱ्याचे दार ठोठावताना त्याची जीभ अडखळते. ‘कुणाच्या उपकाराखाली राहायचे नाही’ हे वाक्य तो अभिमानाने उच्चारतो. उलट दुसरा एक वर्ग असा, की ज्याला स्वतःचा अर्ज स्वतः वाचण्याचाही कंटाळा. दारापुढची मोरी तुंबली तरी ग्रामपंचायतीचा माणूस येईपर्यंत तो नाकाला रुमाल लावून बसेल. पहिल्याला आपण मानी म्हणतो, दुसऱ्याला आळशी. वस्तुतः दोघांची चूक एकाच जातीची आहे. कोणते काम स्वतः करावयाचे आणि कोणत्या कामात साहाय्य मागावयाचे, याचा विचार दोघांनीही केलेला नसतो.

हा विचार वाटतो तितका सोपा नाही, कारण आपल्या परंपरेने दोन्ही बाजूंना वचने पुरविलेली आहेत. ‘आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही’ असे एक म्हण सांगते. ‘गाव करील ते राव काय करील’ असे दुसरी बजावते. शाळेतल्या निबंधात विद्यार्थी पहिल्या पानावर स्वावलंबनाचे गोडवे गातो आणि पुढच्या आठवड्यात त्याच वहीत सहकाराचे. या दोन निबंधांची गाठ कोठे पडते, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. ते सांगणारी उदाहरणे मात्र दूर शोधावी लागत नाहीत. ती कोकणाच्या मातीतच आहेत.

तळेऱ्याहून महामार्गाने दक्षिणेकडे गेले की कणकवली लागते, आणि तिच्याजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखल्या गेलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली तो स्थापन केला. अप्पासाहेबांचा जन्म १८९४ चा, घर ब्राह्मणाचे, शिक्षण उच्च. अशा माणसाने आयुष्याचे मुख्य काम म्हणून निवडले ते भंगीकाम. सत्याग्रहात शिक्षा झाल्यावर रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. तुरुंगातही कामाची वाटणी जातीप्रमाणे चाले, म्हणून ते त्यांना नाकारण्यात आले. अप्पासाहेबांनी अन्नावर बहिष्कार घातला. डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला, आणि सरकारला या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन द्यावे लागले. झाडू हाती मिळावा म्हणून एका कैद्याने उपाशी राहावे आणि त्यासाठी सरकारी यंत्रणा हलावी, ही घटना जगाच्या तुरुंगांच्या इतिहासात विरळाच असेल.

अप्पासाहेबांचा आग्रह केवळ ‘आपले काम आपण करावे’ एवढाच असता, तर त्याला शिस्तप्रिय माणसाचा एक गुण म्हणून सोडून देता आले असते. त्यांचा रोख अधिक खोल होता. माणूस जी कामे दुसऱ्यावर सोपवितो, त्यांतली काही तो येत नाहीत म्हणून सोपवितो. परंतु काही तो हलकी वाटतात म्हणून सोपवितो. पहिल्या प्रकारात साहाय्य आहे, दुसऱ्या प्रकारात गुलामगिरी आहे. शस्त्रवैद्याकडे जाणारा रोगी त्याचे कौशल्य मागतो. स्वतःचा मैला दुसऱ्याच्या डोक्यावर देणारा मात्र त्याचे माणूसपण हिरावून घेतो. म्हणूनच अप्पासाहेब उपदेशावर थांबले नाहीत. मैल्याला कोणाचा हात लागू नये, त्याचे सोनखत व्हावे आणि ते शेताला मिळावे, अशा साध्या व स्वस्त संडासांचा त्यांनी प्रसार केला. गोपुरीचे नावच त्या संडासाला मिळाले. मेलेल्या जनावराचे कातडे सोडविणे आणि कमावणे ही कामेही आश्रमात प्रतिष्ठेने होऊ लागली.

अप्पासाहेब १९७१ साली निवर्तले. माणसाकडून मैला उचलून घेण्यास बंदी करणारा कायदा देशात १९९३ साली झाला, आणि तो अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. २०१६ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छतेच्या पाहणीत सपाटीवरील जिल्ह्यांत सिंधुदुर्गाला पहिला क्रमांक मिळाला, तेव्हा कणकवलीच्या परिसरातील जुन्या माणसांना अप्पासाहेबांची आठवण झाली असेल तर नवल नाही.

या कसोटीवर घासून पाहिले की स्वावलंबनाची पुष्कळ प्रशस्तिपत्रे फिकी पडतात. ‘मी कधी कोणापुढे हात पसरला नाही’ असे सांगणाऱ्या गृहस्थाच्या घरात त्याचे ताट कोण वाढते, कपडे कोण धुते, त्याच्या आजारी आईची कूस कोण बदलते, याची चौकशी करून पाहावी. बहुधा उत्तर एकच मिळेल: घरातली बाई. तिच्याकडे त्याने कधी काही मागितलेले नसते हे खरे. पण ते न मागताच घेतलेले असते. कार्यालयातील साहेब आपली स्वाक्षरी स्वतः करतात आणि पाण्याचा पेला मात्र शिपायाने टेबलावर आणून ठेवावा लागतो. अशा स्वावलंबनाचा हिशेब कधी तपासला जात नाही, कारण त्यातला दुसऱ्याचा वाटा वहीत लिहिलेलाच नसतो.

अप्पासाहेबांचे उदाहरण स्वतः करण्याचे. मागण्याचे उदाहरण हवे असेल तर त्याच कोकणच्या उत्तरेकडील दुसऱ्या टोकाला जावे लागेल. धोंडो केशव कर्वे हे दापोलीजवळच्या मुरूडचे. १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, ते एका परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात या कारणास्तव परीक्षेला बसू न देता परत पाठविले गेले. ही कथा आपल्या पाठ्यपुस्तकांनी घरोघर नेली आहे, आणि तिचे तात्पर्य म्हणून जिद्द व स्वकष्ट यांचा गौरव होतो. परंतु कर्व्यांच्या उत्तरायुष्याकडे पाहिले तर हा स्वकष्टाचा पुतळा महाराष्ट्रातील सर्वांत चिकाटीचा मागणारा होता, असे दिसते.

मुंबईत शिकवीत असतानाच त्यांनी मुरूडकरांकडून प्राप्तीचा ठरावीक अंश गावासाठी जमविण्याचा उपक्रम केला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढल्यानंतर तर वर्गणी मागणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावे, मग पायी हिंगण्याला जाऊन आश्रमाचे काम पाहावे, आणि सुट्टी लागली की गावोगाव फिरून देणग्या गोळा कराव्या, असा त्यांचा क्रम असे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली; पण तत्पूर्वीची वर्षे आण्या-रुपयांच्या वर्गण्यांवर निघाली होती. सत्तरी उलटल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात, त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका येथे प्रवास केला, तोही कार्याची माहिती सांगत आणि निधी गोळा करीत.

कर्व्यांना मागताना लाज का वाटली नाही? ते निर्लज्ज होते म्हणून नव्हे. स्वभावाने ते अत्यंत भिडस्त होते. परंतु दुसऱ्याच्या दारी जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःचा वाटा टाकलेला असे. पगार, वेळ, शरीरश्रम, समाजातील प्रतिष्ठा, यांपैकी काहीही त्यांनी राखून ठेवले नव्हते. विधवेशी विवाह केल्याबद्दल मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता, तरी गावाविषयीचा जिव्हाळा त्यांनी सोडला नाही. ज्याने आपला भार उचललेला आहे, त्याने ‘आता तुम्हीही हात लावा’ असे म्हणणे ही याचना होत नाही; ते निमंत्रण होते. आपला भार खाली ठेवून ‘तुम्ही उचला’ म्हणणे ही याचना. शब्द दोन्हीकडे सारखे असू शकतात, पण देणाऱ्याला त्यांतला फरक तत्काळ कळतो.

अप्पासाहेब आणि कर्वे ही असामान्य माणसे होती, सामान्यांनी त्यांचा धडा किती गिरवावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या सामान्य माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेले आहे. रापण हे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबलचक जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसे ते ओढू लागतात. हे काम एकट्याचे नव्हे, एका कुटुंबाचेही नव्हे. कोणाची होडी, कोणाच्या जाळ्याचा तुकडा, कोणाचे नुसते बाहुबळ. मासळी विकली गेली की प्रत्येकाचा वाटा ठरल्याप्रमाणे निघतो. वाटेने जाणाऱ्याने दोराला हात लावला, तरी तो सहसा रिकाम्या हाती परतत नाही.

या व्यवहारात ‘मदत मागितली’ असे कोणी म्हणत नाही, आणि ‘मी स्वतः केले’ असेही कोणी म्हणत नाही. त्याचे कारण उघड आहे. दोर प्रत्येकाच्या हातात असतो. रापणीत उभे राहून दोर न ओढणारा माणूस लपून राहत नाही. तसाच एकट्याने जाळे ओढू पाहणारा शूरवीरही तेथे हास्यास्पद ठरतो. घाटावरच्या शेतकऱ्यांची सावड आणि इर्जिक यांच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे: आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे. उपकाराचे ओझे होत नाही, कारण परतफेडीची वाट मोकळी ठेवलेली असते.

कोकणातल्या माणसाने हीच रीत मुंबईला नेली. गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत, एकेका गावाच्या माणसांनी मिळून खोल्या घेतल्या. नवखा मुलगा गावाहून आला की त्याची पथारी तेथे पडे. नोकरी लागेपर्यंत त्याला सांभाळीत, आणि लागली की तो आपला हिस्सा भरू लागे. याच खोल्यांतून ग्रामस्थ मंडळे उभी राहिली आणि गावच्या शाळेच्या भिंतीपासून देवळाच्या कौलांपर्यंत पैसे गेले. तळेऱ्याच्या माध्यमिक विद्यालयाला वामनराव महाडिकांचे नाव आहे. ते १९७० साली परळमधून विधानसभेवर निवडून गेले आणि १९७८ साली मुंबईचे महापौर झाले. कोकणातील गावे आणि गिरणगाव यांचे नाते किती जवळचे होते, याची ती एक खूणच होय.

मदतीचा हा ओघ एकाच दिशेने वाहतो, मुंबई देते आणि गाव घेते, असा समज त्या काळी रूढ होता. मनिऑर्डरीवर जगणारा प्रदेश अशी कोकणची हेटाळणीही होत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हा समज उलटा झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. संप लांबला, तसे अनेक जण बायकामुलांसह गावी परतले, आणि ज्या घराला ते पैसे पाठवीत होते त्या घराने त्यांना पेज-भात दिला. गावाकडची शेती ज्यांनी कसत ठेवली होती, ती म्हातारी माणसे आणि बायका, कालपर्यंत ‘अवलंबून’ म्हणून गणली जात होती. देणारा आणि घेणारा या जागा कायमच्या नसतात, हे त्या वर्षांनी हजारो घरांना शिकविले. तो धडा फार महाग पडला. संप करणाऱ्यांपैकी असंख्यांची नोकरी पुन्हा मिळाली नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्वावलंबनाचा उपदेश राज्यकर्त्यांना फार सोयीचा असतो. रस्ता नाही? श्रमदान करा. पाणी नाही? बंधारे बांधा. दवाखान्यात डॉक्टर नाही? निसर्गोपचार शिका. पावसाळा संपताना मातीने भरलेल्या गोण्या रचून ओढ्यांवर जे वनराई बंधारे घातले जातात, त्यांचे मोल मोठे आहे, आणि त्यांत शिक्षक, कर्मचारी व विद्यार्थी घाम गाळतात हे कौतुकास्पदच आहे. परंतु गावाने दोन दिवस घाम गाळला म्हणून पाणीयोजनेची जबाबदारी शासनावरून उतरत नाही. रुग्णालय, शाळा, रस्ता या गोष्टी मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. कर भरणाऱ्याचा तो वाटा आहे, आणि वाटा हक्काने मागावयाचा असतो.

रापणकरांनाच पाहा. आपसांत ते कितीही एकदिलाने दोर ओढोत, यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन समुद्र खरवडून नेऊ लागले, तेव्हा त्यांचे बाहुबळ निरुपयोगी ठरले. तेथे कायदाच हवा होता, आणि महाराष्ट्राने सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा १९८१ साली केला. कायदा झाला तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी मच्छीमारांना पुन्हा पुन्हा आवाज उठवावा लागला. जे काम केवळ राज्यसत्ताच करू शकते, ते तिच्याकडून करवून घेणे हाही स्वावलंबनाचाच भाग आहे. कारण त्यासाठी लागणारी संघटना आणि चिकाटी स्वतःचीच असावी लागते.

आता आजच्या परिस्थितीकडे वळावे. मागण्याची आणि करण्याची दोन्ही साधने आज कधी नव्हती इतकी हाताशी आहेत, आणि दोन्हींचा विवेक मात्र सैल झालेला आहे. विद्यार्थ्याला उत्तर तयार मिळते. मार्गदर्शकांची जाडजूड पुस्तके होतीच, आता प्रश्न विचारताच निबंध लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. वाट विचारण्यात गैर नाही, हे येथेही लागू आहे. न समजलेली पायरी विचारणारा विद्यार्थी हुशार. पण गणित सोडवूनच घेणारा विद्यार्थी, दुसऱ्याला चालायला लावून आपण पोहोचल्याचे समाधान मानणारा प्रवासी होय. चांगला शिक्षक हा भेद जाणतो. तो एक पायरी दाखवितो आणि खडू विद्यार्थ्याच्या हाती देतो. तेच कारकुनाचे. अर्ज घेऊन आलेल्या अडाणी म्हातारीला ‘उद्या या’ म्हणणे हा निष्ठुरपणा. अर्ज घाईने भरून तिचा अंगठा उठवून घेणे ही सोय. आणि त्यात काय लिहिले आहे ते तिला वाचून दाखविणे हे साहाय्य. तिसऱ्याला पाच मिनिटे अधिक लागतात, पण त्यानंतर तो अर्ज तिचा होतो.

दुसरीकडे, ज्यांनी मागावयास हवे ते गप्प आहेत. कोकणातल्या कित्येक मोठ्या घरांत आज दोनच म्हातारी माणसे राहतात. मुले मुंबईत, पुण्यात, परदेशात. ‘आमचे काही अडत नाही’ असे ती फोनवर सांगतात. विहिरीचे पाणी ओढवत नाही, रात्री छातीत कळ येते, हे सांगत नाहीत. मुलाला काळजी नको आणि शेजाऱ्याला त्रास नको म्हणून. या संकोचात थोरपणा आहे, पण त्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. ज्या माणसाने आयुष्यभर शेजाऱ्याच्या लावणीला हात लावला, त्याने म्हातारपणी त्याला हाक मारणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. जुन्या ठेवीतले थोडेसे काढणे आहे. शिवाय जो कधीच मागत नाही, तो दुसऱ्यालाही आपल्याकडे मागण्याची चोरी करून ठेवतो. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर न घेणाऱ्या घराकडे शेजारीही अडीनडीला फिरकत नाही, आणि हळूहळू दोन भिंतींमधली बोळ रुंद होत जाते.

एवंच, स्वतः करणे आणि मागणे हे एकमेकांचे वैरी नाहीत. हलके वाटते म्हणून काम दुसऱ्यावर ढकलावयाचे नाही, हे अप्पासाहेबांनी शिकविले. स्वतःचा वाटा टाकल्यावर मागावयास लाजावयाचे नाही, हे कर्व्यांनी दाखविले. आणि दोर हातात असेल तर कोण देतो व कोण घेतो याची मोजदाद करण्याची गरजच उरत नाही, हे रापणकर रोज सांगत आले आहेत. तिन्ही धड्यांत अट एकच: आपला हात रिकामा नसावा.

तळेऱ्याच्या नाक्यावर वाट विचारणारा प्रवासी ही अट नकळत पाळतो. विजयदुर्ग कोणीकडे, एवढेच तो विचारतो. मला तेथे उचलून न्या असे म्हणत नाही. आणि सांगणाऱ्याने दाखविलेल्या दिशेने पाऊल टाकताना, आपल्याला वाट माहीत नव्हती याची खंतही करीत नाही. पुढच्या वळणावर कदाचित त्यालाच कोणी थांबवून वाट विचारील. तेव्हा त्याचा हात वर व्हावा, म्हणजे झाले.